मधली खुर्ची

बरोबर नऊ वाजता चंपतरावांनी कूलर बंद केला.

मे महिन्यात नागपुरात चालता कूलर बंद करणाऱ्या माणसाला दुसऱ्या एखाद्या घरात काय ऐकून घ्यावं लागलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सक्करदऱ्याच्या या घरात गेली एकोणचाळीस वर्षं दर रविवारी नऊला कूलर, टीव्ही आणि पंखे बंद होत आले होते. ते बंद झाले की ज्याने त्याने आपला मोबाइल दाराबाहेरच्या रिकाम्या पिठाच्या डब्यात टाकायचा आणि समोरच्या खोलीत येऊन गप्प बसायचं. याला बैठक म्हणत. बैठकीत घाम पुसायची परवानगी होती. खोकायची, वारा घ्यायची आणि 'आणखी किती वेळ?' असं विचारायची नव्हती.

ही खोली चंपतरावांनी टेलिफोन खात्यात नोकरी करता करता सुट्ट्यांच्या दिवशी घडवली होती. भिंतींवर गोणपाटाच्या चौकटी होत्या आणि त्यांच्या आत स्वतःच्या शेतातला कापूस ठासलेला होता. पुढे कमरेइतकी उंच दोन सागवानी खोकी, म्हणजे स्पीकर. दोन्हींच्या मध्ये बुटक्या टेबलावर काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि स्पूलचं, म्हणजे टेपच्या मोठ्या रिळांचं जुनं मशीन. आणि दोन्ही खोक्यांपासून सुतळीने मोजून सारख्या अंतरावर ठेवलेली एक वेताची खुर्ची. तिच्या चार पायांसाठी फरशीवर रंगाचे चार ठिपके होते. आवाज जसा असायला हवा तसा फक्त त्या चार ठिपक्यांच्या आत ऐकू येतो, असं चंपतरावांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. बाकीच्यांनी दिवाणावर किंवा सतरंजीवर बसायचं. मधली खुर्ची पाळीपाळीने सगळ्यांना मिळे. लहान असो, मोठा असो, रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत तिथे बसलेला माणूस घरचा मालक.

आज दारासमोर जावयाची, केशवरावांची पिकअप उभी होती. तिच्यात गाद्या अंथरून ठेवल्या होत्या. बैठक संपली की खोकी, मशीन, चारशे रेकॉर्ड, सगळं त्या गाद्यांवर चढून काटोलला लेकीच्या घरी जाणार होतं, आणि ही खोली सुनेला मिळणार होती. अस्मिता लोकांचे कान तपासायची. चौकातल्या तिच्या भाड्याच्या जागेच्या मालकाने महिनाअखेर खाली करा म्हणून सांगितलं होतं, आणि कान तपासायला लागते तशी शांत जागा शहरात शोधून सापडत नव्हती. आठ दिवसांपूर्वी जेवताना चंपतराव आपणहून म्हणाले होते, "माझी खोली घे. सेट देवकीले देऊन टाकतो. मले आता पुरे झालं."

सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन किती मोठं! मन मोठं होतंच. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते चंपतरावांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यांच्याकडे एक स्पूल होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी गावच्या घरी ऋषीचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं बारसं झालं, तेव्हा त्यांनी ते स्वतः भरलं होतं. त्यात त्यांची थोरली वहिनी मनकर्णा पाळणा म्हणते. मधेच तीन वर्षांची देवकी पेढा मागते. आणि शेवटच्या कडव्यात चंपतरावांची बायको यमुताई पाळण्याला झोका देतात, तेव्हा प्रत्येक झोक्याला त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणतात. मोजून सात वेळा. इतकं बारीक, की सेट जरा कुठे बिघडला तर तेच आधी जातं. नवी नळी बसवली, नवी वायर ओढली, की चंपतराव हे स्पूल लावत आणि मोजत. घरात येणाऱ्या नव्या माणसालाही मधल्या खुर्चीत बसवून ते विचारत, किती वेळा वाजल्या? केशवराव मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी पाच सांगितल्या होत्या. त्या पाचावरून त्यांची थट्टा बावीस वर्षं चालू होती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी चंपतरावांनी स्पूल लावलं आणि त्यांना एकही बांगडी ऐकू आली नाही.

त्यांनी ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटण पार उजवीकडे नेलं. पुन्हा लावलं. नाही. मग घरातल्या प्रत्येकाला विचारलं. बायको म्हणाली सात, मुलगा म्हणाला सात, सून म्हणाली सात. देवकी आणि केशवराव काटोलहून आले तेव्हा तेही म्हणाले सात. पाच माणसांना ऐकू येतं आणि आपल्याला येत नाही, म्हणजे आपले कान गेले. हिशेब सरळ होता. ज्याला ऐकूच येत नाही त्याने मधली खुर्ची अडवून बसू नये, तिथून कुणी उठवायच्या आधी आपण उठावं. चंपतरावांनी तसं ठरवलं आणि ठरवल्यावर ते मागे वळून पाहणारे गृहस्थ नव्हते.

"अरे, या ना गा सगळे!" त्यांनी हाक मारली. "घाम येऊन राहिला इथी!"

*

"कूलर बंद झाला वं आई, चाल," देवकी म्हणाली, पण स्वतः जागची हलली नाही. ती ओट्याशी उभी राहून पोह्यांवर घालायला कांदा चिरत होती. कांदा गेल्या आठवड्यापासूनच्या रागाने चिरला जात होता.

"तर्रीले उकळी येऊ दे," यमुताई म्हणाल्या. "चण्याची तर्री अर्धवट ठेवली तं तुझा नवरा दोन दिवस तोंड वाकडं करते."

"मले एक सांग. बाबाचं मन कोणं वळवलं? वहिनीनंच ना?"

"तिनं तोंड नाही उघडलं. तुझ्या बाबानं आपल्या मनानं सांगितलं."

"आपल्या मनानं!" देवकीने सुरी खाली ठेवली. "सोळा वर्षांची होती मी, ताप भरला होता, तरी रविवारच्या बैठकीले उठून बसली होती. का तं माझी पाळी होती मधात बसाची. बाबाचा जीव आहे त्या सेटमधी. तो माझ्या घरी कशाले पाठवून राहिले? माझ्या घरी त्याच्यावर पोरं क्रिकेटच्या ट्रॉफ्या ठेवतीन. ऋषीलेही नाही पटलं हे. तो बोलत नाही इतकंच."

"ऋषी बायकोपुढं बोलत नाही, बापापुढंही बोलत नाही. अन् तो नाही बोलला म्हणून काय झालं? अस्मितानं कोठी जावं? झाडाखाली बसून कान तपासावे?" यमुताईंनी चमच्याने तर्री चाखली, मीठ घातलं. "माझं म्हणशील तं, मले तर बरंच झालं. कान किटले होते माझे."

"आई!"

"खोटं नाही सांगत. दोन वर्षं झाले, तुझे बाबा ते बटण फिरवून फिरवून असा कर्कश आवाज करतात, की दात शिवशिवतात. सांगितलं, जरा कमी करा जी. तं म्हणतात, तुले कळत नाही." यमुताई दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटी दिवाळीत मी खोक्याचं कापड उचकून त्या लहान्या स्पीकरमधी कापूस कोंबला. दोन्हीकडं. तवापासून बरं वाटते."

देवकीला हसू फुटलं, आणि कांद्याने आलेलं पाणी तिने मनगटाने पुसलं.

"आई, संक्रांतीले मी खोक्यायले नवीन कापड लावून दिलं नाही का? बाबानं मले पातळ जाळीचं आण म्हणलं होतं. मी सीताबर्डीत जाऊन मुद्दाम पडद्याचं जाड आणलं. डबल करून शिवलं. दुकानदार म्हणे, ताई, एवढं जाड कशाले? म्हणलं, आमच्या बाबासाठी."

"तरीच! मी म्हणलं, एवढा फरक नुसत्या कापसानं कसा पडला."

मायलेकी तोंडाला पदर आणि ओढणी लावून हसल्या. रागाचा भर थोडा ओसरला. बाहेरून पुन्हा हाक आली, तशी यमुताईंनी गॅस बंद केला आणि दोघी साळसूद चेहऱ्याने बैठकीला निघाल्या.

*

अस्मिता खाली सतरंजीवर बसायला गेली, तर सासऱ्यांनी तिला हाताने थांबवलं.

"आज तू मधात बस. खोली तुझी होऊन राहिली."

दिवाणावर बसलेल्या देवकीने मान फिरवली. केशवराव भिंतीला टेकून रुमालाने गळा पुसत होते. ऋषी आईजवळ सतरंजीवर बसला. त्याने बायकोकडे पाहून नुसत्या डोळ्यांनी सांगितलं की आता अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, निभावून ने.

अस्मिता खुर्चीत बसली. चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी तिला असंच इथे बसवलं होतं. तेव्हा तिने डोळे मिटून सात मोजल्या होत्या आणि सासरे उभे राहून म्हणाले होते, "ही आपली पोरगी." तिच्या माहेरी कुणी गाणं मन लावून ऐकत नव्हतं. त्या दिवशी तिला हे घर पहिल्यांदा आपलं वाटलं होतं. संक्रांतीनंतर त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र ती दारातून आत येता येता 'सात, बाबा' म्हणून मोकळी झाली होती. कारण 'नाही' म्हटलं की ते पेचकस घेऊन खोकी उघडत, आणि मग कूलर दुपारी दोनपर्यंत बंद. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. उत्तर तर पाठच होतं.

स्पूल फिरू लागलं. मनकर्णाबाईंचा भरदार आवाज खोलीत आला. छोट्या देवकीने पेढा मागितला, कुणीतरी तिला गप्प केलं. अस्मिताला आवाज थोडा घोंगडी पांघरल्यासारखा वाटला. मग शेवटचं कडवं लागलं, आणि ती मोजायला तयार झाली.

काहीच आलं नाही.

पाळण्याची कडी कुरकुरली ती कळली, पण बांगड्या नव्हत्या. अस्मिताने डोळे उघडले. समोर अ‍ॅम्प्लिफायरजवळ सासरे उभे होते आणि ते टेपकडे बघत नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अगदी टक लावून, भुवया वर करून.

असं बघणारी माणसं अस्मिताला रोज भेटत. कानाला हेडफोन लावून ती आवाज सोडते आणि आवाज आला की बटण दाबायला सांगते. काही जणांना आवाज येतच नाही, पण कबूल करायची लाज वाटते. मग ते तिच्या चेहऱ्याकडे, हाताकडे बघतात आणि अंदाजाने बटण दाबतात. तिचे सासरे आता तेच करत होते. बांगड्या कधी वाजतात, ते सुनेच्या चेहऱ्यावर शोधत होते.

'मले आता पुरे झालं' म्हणजे काय, ते तिला आत्ता कळलं.

आणि त्यासोबत दुसरंही कळलं, तेही तितकंच स्पष्ट. सात म्हटलं की संध्याकाळपर्यंत ही खोली तिची. उद्या टेबल येईल, पेशंट येतील. जे ऐकलं ते सांगितलं, तर पेचकस निघेल, पिकअप रिकामी परत जाईल, आणि महिनाअखेर तिची यंत्रं पलंगाखाली जातील. त्याबद्दल तिला कुणी बोलही लावला नसता, कारण या घरात सगळेच सात म्हणत होते.

स्पूल थांबलं.

"किती?" चंपतरावांनी विचारलं.

"एकही नाही, बाबा."

*

पहिल्यांदा ऋषी बोलला. "अस्मिता, काहून उगाच…"

"मी या खुर्चीत बसली आहे ना? मग मले बोलू दे." अस्मिताने सासऱ्यांकडे पाहिलं. "मले एकदाही नाही ऐकू आल्या, बाबा."

चंपतरावांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "पोरी, दया करून राहिली का माझ्यावर? संक्रांतीले तूच सात म्हणली होती."

"तेव्हा मी खोटं बोलली होती."

खोलीत सगळ्यांचा घाम दुप्पट झाला.

"हे नाटक मले कशाले दाखवता?" चंपतराव म्हणाले. आवाज चढला होता, पण त्यात रागापेक्षा दुसरंच काही होतं. "पाच जणायले ऐकू येते, फक्त मले नाही. चार महिने झाले, यमू, मी तुह्या बांगड्या शोधून राहिलो अन् मले सापडत नाही. कामातून गेलेला माणूस हा सेट ठेवून काय करन? मी तो दिला, खोली दिली, आता तुम्ही सगळे मिळून मले समजावू नका."

देवकीने ओढणी डोळ्यांना लावली. बाबा हे बोलतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. यमुताई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या.

"केशवजी," अस्मिता म्हणाली, "तुम्हाले किती ऐकू आल्या? आईची शपथ नका घेऊ, पण खरं सांगा."

केशवरावांनी बायकोकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि रुमाल खिशात घातला.

"मामाजी, आता निघालंच आहे तं सांगतो. मले त्या पहिल्या दिवशी पाच ऐकू आल्या होत्या. त्याच्यानंतर बावीस वर्षं मी मोजलंच नाही. लोक सात म्हणतात, मी बी सात म्हणतो. आज एकबी नाही आली."

"ऋषी?"

ऋषीने मान खाली घातली. "नाही आल्या."

"ताई?"

"नाही वं," देवकी रडत म्हणाली, आणि मग एकदम आईकडे वळली. "आई, तो कापूस!"

चंपतरावांनी हळूच विचारलं, "कोणता कापूस?"

यमुताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. त्या नवऱ्याला भीत नव्हत्या, फक्त कधी भांडायचं ते ठरवून भांडत.

"मी घातला," त्या म्हणाल्या. "तुमच्या लहान्या स्पीकरमधी. अन् तुम्ही ओरडायच्या आधी मले विचारा की काहून घातला."

चंपतराव डाव्या खोक्यापुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी समोरची चौकट ओढून काढली. हातात ती जड लागली. त्यांनी कापड दोन बोटांत धरून चोळलं. "हे जाळीचं नाही."

"पडद्याचं आहे, बाबा," देवकी म्हणाली. "डबल."

त्यांनी लहान स्पीकरच्या, म्हणजे ट्वीटरच्या तोंडातून चिमटीने कापूस ओढला. तो येतच राहिला. उजव्या खोक्यातून आणखी निघाला. त्यांच्या मांडीवर एका उशीचा भरणा होईल एवढा ढीग झाला.

"आपल्याच शेतातला आहे," यमुताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, तेवढाच दिलासा.

"आणखी कोणाचं काही आहे?" चंपतरावांनी खाली बघूनच विचारलं.

ऋषी उठला, दोन्ही खोक्यांच्या मागे हात घालून त्याने काळी चिकटपट्टी सोलून काढली आणि तिच्याखालचे, लहान स्पीकरचा आवाज कमीजास्त करणारे दोन छोटे खटके वर मूळ जागी आणले. "मागच्या पोळ्यापासून," तो म्हणाला. "आवाज टोचत होता, बाबा. तुम्हाले सांगाची हिंमत नाही झाली."

म्हणजे बापाने बटण उजवीकडे फिरवलं, तर मुलाने मागून खटका खाली केला. बापाने आणखी फिरवलं, आईने कापूस कोंबला. बापाने पुन्हा फिरवलं, तेव्हा मुलीने पडदा शिवला. तिघांनी तीन वेळा, एकमेकांना न सांगता. आणि मग पाचही जणांनी तोंडाने सात म्हटलं.

चंपतराव मांडीवरच्या कापसाकडे बघत होते. सगळे त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. देवकीने तर डोळे मिटून घेतले. पण त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज न करता हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्या डोळ्यांत फक्त हसूच नव्हतं.

"काय घर आहे बे हे!" ते म्हणाले. "माझ्याच सेटले दवाखान्यात टाकलं, अन् मले वाटलं मीच बिमार!"

*

"थांबा," अस्मिता म्हणाली. आता ती खुर्चीतून उठली होती. "अर्धंच झालं आहे. बाबा, तुम्ही बटण पार उजवीकडं काहून नेलं होतं? कापूस दिवाळीतला आहे. तुम्ही तं दोन वर्षांपासून फिरवून राहिले."

चंपतरावांचं हसू जागच्या जागी थांबलं. देवकी पटकन म्हणाली, "जाऊ दे ना वहिनी. आताच तं हसले ते."

"नाही ताई. आता पुन्हा सात नाही म्हणाचं कोणी." अस्मिताचा आवाज नरम होता, पण हटणारा नव्हता. "बाबा, तुम्हीच शिकवलं. जेवढं ऐकू आलं तेवढंच सांगाचं."

देवकी वहिनीकडे बघत राहिली. या बाईने दहा मिनिटांत हातातली खोली घालवली होती आणि अजून मागे हटत नव्हती. आठ दिवस आपण हिच्याबद्दल काय काय बोललो, ते आठवून देवकीला स्वतःचीच लाज वाटली. तिने सरकून दिवाणावर वहिनीसाठी जागा केली. "बस इथी," ती म्हणाली. "अन् बाबा, ती बराबर बोलून राहिली."

चंपतरावांनी अ‍ॅम्प्लिफायर चालू करून स्पूल मागे घेतलं आणि बटण होतं तिथेच ठेवून लावलं. मनकर्णाबाईंचा पहिला स्वर निघाला आणि पाचही माणसांनी कानांवर हात ठेवले. केशवराव तर "अरे बाप रे" म्हणत दारापर्यंत गेले.

"यासाठी घातला होता कापूस!" यमुताई ओरडल्या.

चंपतरावांना मात्र आवाज छान, मोकळा वाटत होता. त्यांनी कान झाकलेल्या आपल्या माणसांकडे एकदा नीट बघितलं, एकेकाकडे. मग स्पूल थांबवलं आणि स्वतःच्या हाताने बटण मधोमध आणलं. गेली दोन वर्षं ते तिथे गेलं नव्हतं.

"आता कोणी माझ्या तोंडाकडं पाहू नका," ते म्हणाले. "मी बी कोणाकडं पाहत नाही."

ते मधल्या खुर्चीत बसले. पाय ठिपक्यांवर आहेत ना, ते सवयीने तपासलं आणि डोळे मिटले. अस्मिताने स्पूल लावलं. त्या मशीनला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

पाळणा सुरू झाला. घोंगडी निघाली होती. मनकर्णाबाई श्वास कुठे घेतात तेसुद्धा कळत होतं. पेढा मागणारी पोर दिवाणावरच्या देवकीइतकीच जवळ होती. शेवटचं कडवं आलं, पाळण्याची कडी कुरकुरली, आणि यमुताईंच्या बांगड्या वाजल्या. हिरव्या, काचेच्या, ओली बाळंतीण असताना भरलेल्या. यमुताईंनी नकळत आपलं मनगट धरलं. केशवरावांनी या वेळी खरोखर बोटांवर मोजलं आणि सातवं बोट मिटताना ते एखाद्या पोरासारखे खूश झाले. कुणी आकडा तोंडातून काढला नाही.

स्पूलचं टोक सुटून फडफड फिरत राहिलं.

चंपतरावांनी डोळे उघडले.

"चार," ते म्हणाले.

यमुताई जवळ गेल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"चार," चंपतराव पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने. "एकबी कमी नाही, एकबी जास्त नाही. चौथी थोडी हलकी होती, पण होती. केशवराव, तुम्ही पाच सांगितल्या होत्या ना? म्हणजे मी जावयाच्याही खाली गेलो. आता माझी थट्टा करा तुम्ही."

"करतो ना, मामाजी," केशवराव म्हणाले. "बावीस वर्षांची बाकी आहे."

"अन् राहिलेल्या तीन?" चंपतरावांनी सुनेला विचारलं. "त्या कोठी गेल्या?"

"त्या कोठी नाही गेल्या. टेपमधी आहेत. मी आणून देते तुम्हाले," अस्मिता म्हणाली. "कानात मशीन लावावं लागन. पहिल्या दिवशी नाही आवडणार, सगळं पत्र्यासारखं वाटन. दोन महिने तुमच्याशी भांडण होईन माझं. पण आणून देते."

"तीनही?"

"दोन नक्की. तिसरीचं आताच नाही सांगत. खोटं नाही बोलाचं ठरलं ना आपलं?"

चंपतरावांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना सातापेक्षा जास्त आवडलं होतं. ते उठले आणि खोलीच्या मध्यात उभे राहून चारही भिंतींकडे बघू लागले. नवी वायर कुठून न्यायची ते ठरवताना ते असेच बघायचे.

"ऋषी, दिवाण उचल. केशवराव, तुमची गाडी रिकामी कशाले जाईन? दिवाण काटोलले न्या. तिथी अस्मिताचं टेबल बसन. खोकी हलणार नाही, मशीन हलणार नाही. सोमवार ते शनिवार खोली तिची. रविवारी नऊले कूलर बंद. मंजूर?"

"मंजूर," सगळ्यांच्या आधी देवकी म्हणाली. "पण कापड मी बदलून देते. जाळीचं."

"अन् कापूस?" यमुताईंनी विचारलं.

"कापूस ठेव. चौकटीत भरू."

ऋषी आणि केशवराव दिवाणाची दोन टोकं धरून दारातून तिरपं व्हायचा प्रयत्न करत होते. स्वयंपाकघरातून तर्रीचा वास येत होता. कूलर अजून कुणीच लावला नव्हता. अस्मिता मधली खुर्ची उचलून बाजूला ठेवायला गेली, तसे चंपतराव "अं हं" म्हणाले. त्यांनी ती तिच्या हातातून घेतली, चार पाय चार ठिपक्यांवर बरोबर टेकवले आणि पुन्हा तिच्यात बसले.

"तुह्या पेशंटची खुर्ची हीच राहीन," ते म्हणाले. "लिही, पहिला नंबर माझा."